सत्त्याऐंशीवं पान

१

पुस्तकातलं एक पान नाहीसं होणं, हा कायद्याच्या भाषेत काही मोठा गुन्हा नाही. बत्तीस वर्षं पोलीसखात्यात घासून मी जमादार म्हणून निवृत्त झालो. त्या बत्तीस वर्षांत माझ्या वाट्याला शेळ्या आल्या, सायकली आल्या, एकदा एका सरपंचाचा कोट आला. खून एकही नाही. अकोल्याकडच्या आमच्या मालेगावच्या वाचनालयाचा चिटणीस झालो तेव्हा सगळे म्हणाले, "जानराव, आता पाय पसरून बसा." चार कपाटं आणि दोन बाकं, तिथे कसला आलाय गुन्हा? आणि नेमकं तिथेच मला असं प्रकरण भेटलं, की त्याचा छडा लागला नसता तर बरं झालं असतं.

पुस्तकाचं नाव 'आरशातली दुसरी'. शालन वाशीमकर या नटीचं आत्मचरित्र. सिनेमात ती नायकाची बहीण व्हायची, पुढे पुढे आई व्हायला लागली. त्याआधी दहा वर्षं फिरत्या नाटक कंपनीत होती. नाव वाशीमकर लावलं तरी बाई आमच्याच गावची, आमच्याच वस्तीतली. देवमन टेलरची धाकटी बहीण भागिरथा. बावन्न साली कंपनीबरोबर निघून गेली ती गेलीच. पुस्तक शहात्तरच्या पावसाळ्यात वाचनालयात आलं आणि आठवडाभरात गावातल्या प्रत्येक माणसाचं त्यावर मत तयार झालं. ज्याला अक्षर लावता येत नव्हतं त्याचं मत तर सगळ्यात पक्कं होतं.

पुढे हिवाळ्यात, एका सोमवारी, कामरगावचे माणिकराव वाचनालयात येऊन बसले. देवमनची एकुलती एक मुलगी अंजना यांच्या पुतण्याला दिलेली होती. साखरपुडा झाला होता, लग्न महिन्यावर आलेलं. मुलीची आत्या नटी आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण त्या आत्याने पुस्तक लिहिलंय हे नुकतंच कुणीतरी त्यांच्या कानात सोडलं होतं. त्यांनी पुस्तक मागितलं आणि दोन तास मान वर न करता वाचलं. मला कौतुक वाटत होतं.

"जमादार," ते एकदम म्हणाले, "इथलं एक पान कुठं गेलं?"

"कोनतं?"

"सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी वाचून राह्यलो व्हतो, त सरळ एकोननव्वदवर पडलो."

मी पुस्तक हातात घेतलं. शहाऐंशीव्या पानाच्या तळाशी छापलं होतं : 'पंचावन्न सालच्या दिवाळीच्या आगेमागे मला मुलगी झाली. सातव्या दिवशी तिला फडक्यात गुंडाळून मी मालेगावात आले आणि दादाच्या दारात' – आणि तिथे वाक्य तुटलं होतं. एकोणनव्वदाव्या पानाची सुरुवात अशी : 'कंपनीत परतले तेव्हा माझी ओटी रिकामी होती. मॅनेजरने काही विचारलं नाही.'

मधलं पान कुणीतरी कापून नेलं होतं.

"अंजना कवाची?" माणिकरावांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. अंजना पंचावन्नच्या दिवाळीतलीच.

"माणिकराव, ते पोट्टी देवमनचीच हाय. विमलबाईच्या पोटची."

"मंग पान काहून कापलं?" ते उठले. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "पुतण्या पोस्टात नोकरीले हाय, जमादार. उद्या लोकं म्हनतीन, नाटकवालीची बेवारशी पोर केली. चार दिवस देतो. बाजारच्या दिवशी आमी येतो. पान दाखवा. त्यात दुसरं काही निघालं त लगन ठरल्या तारखेले. नाही दाखवलं, त ज्यानं कापलं त्याले जे ठाऊक व्हतं तेच आमी खरं समजू."

२

पुण्याच्या प्रकाशकाला दुसरी प्रत पाठवण्याबद्दल कार्ड टाकलं, पण चार दिवसांत काय होणार? दुसऱ्या दिवशी एस.टी.ने तालुक्याच्या एका जुन्या वाचनालयात जाऊन आलो. तिथल्या समितीने 'नटीचं पुस्तक' म्हणून घेतलंच नव्हतं. आता जे करायचं ते याच एका प्रतीवर.

आमच्या नोंदवहीत नावं तीनच. मोहनसिंग गुरुजी, कापडवाले लखीराम शेठ आणि शेवटी अंजना. ज्या पुस्तकावर अख्खं गाव तावातावाने बोलत होतं, ते गावात फक्त तीन घरी गेलं होतं. हे पाहून मला हसू आलं. पुढे हसू आलं नाही.

आधी पान नीट पाहिलं. फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं, आणि शिलाईपाशी अर्ध्या इंचाची पट्टी शिल्लक ठेवून. पुस्तकाची पानं दुहेरी शिवलेली असतात. एक पान मुळापासून काढलं की त्याचं जोडपान सुटून हातात येतं. कापणाऱ्याने हे ओळखून पट्टी सोडली होती. काप सरळ, एका दमात केलेला, आणि काठाला वरपासून खालपर्यंत निळसर पुसट रेघ. भिंग लावून पाहिलं. खडू होता.

मोहनसिंग गुरुजी दाढीचं पातं घेऊन पेन्सिलीला टोक काढत बसले होते. शाळेत त्यांनी भाषण ठोकलं होतं की मुलींनी हे पुस्तक हाती धरू नये.

"गुरुजी, सत्त्याऐंशी पानावर काय व्हतं?"

"अश्लील मजकूर!"

"म्हनजे काय?"

"ते उच्चारता येत नाही, जमादार."

मी पुस्तक उघडून पुढे केलं. त्यांना लाल पेन्सिलीने शेरे मारायची खोड. 'छे!', 'अतिशयोक्ती', 'संस्कार कुठे गेले?' असे शेरे पहिल्या पानापासून सुरू होत होते आणि एक्केचाळीसवर संपत होते. त्यानंतरची पानं कोरी, स्वच्छ.

गुरुजींनी पातं खाली ठेवलं. "एक्केचाळीसच्या फुडं नाही वाचवलं गेलं," ते हळूच म्हणाले.

"मंग भाषन कायच्यावर केलं?"

"अंदाज असते ना जमादार माणसाले."

लखीराम शेठच्या दुकानात गेलो. काउंटरवर कात्री होती आणि तिच्या शेजारी निळ्या खडूची चपटी वडी. माझा जीव थोडा भांड्यात पडला, खरं सांगतो. चोर सापडला की पोलिसाला बरं वाटतंच.

"वाचलं का शेठ, पुस्तक?"

"मी? अरे बाप्पा, मी काय वाचतो! आठ फोटो हायेत त्यात. ते पाह्यले. घरात बायकोले, गोमतीले, दाखवले. ते म्हने, साडी कायची आहे हे लिवलं नाही. दिलं वापस."

तेवढ्यात एक बाई परकराचं कापड मागायला आली. शेठने दोन वार मोजले, काठाला कात्रीने टीचभर कापा दिला, आणि दोन्ही हातांनी चर्रकन फाडलं. आयुष्यभर त्याने कापड असंच फाडलेलं होतं. कापडवाला रेघ मारत नाही आणि पट्टी सोडत नाही. रेघ मारून, शिवणीपुरतं सोडून, एका दमात कापतो तो वेगळा माणूस.

"हा खडू कोनाचा शेठ?"

"देवमनचा. इथंच विसरते रोज."

दुकानाच्या ओट्यावर देवमन बसायचा. त्याच्या मशीनचा आवाज मी आल्यापासून चालू होता, तो थांबला.

३

मी लगेच ओट्यावर गेलो नाही. देवमन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, वस्तीतला सरळ माणूस. पान त्याने कापलं असेल तर अर्थ एकच निघत होता, की माणिकराव म्हणतात ते खरं. अंजना भागिरथेची. आणि तसं असेल तर मी पान शोधून त्या मुलीचाच गळा कापणार होतो.

पण एक गोष्ट अडत होती. देवमनला अक्षरओळख नाही. कापडावर गिऱ्हाईकाचं नाव लिहायला तो अंजनाला हाक मारतो. अडीचशे पानांतलं नेमकं हेच पान त्याला कळलं कसं? फोटो शेजारी असता तर फोटोवरून. पण इथे आसपास फोटो नव्हता. म्हणजे कुणीतरी ते त्याला वाचून दाखवलं होतं. आणि मुलीचं जन्मरहस्य लपवायचं असतं तर शहाऐंशीव्या पानावरची ओळ का ठेवली? खरी बदनामी तर त्याच ओळीत आहे! 'मुलगी झाली, दादाच्या दारात आले.' ती ठेवून पुढचं कापलं. जे लपवायचं ते पुढे होतं.

आमच्या वाचनालयाचा एक नियम आहे, मीच केलेला. पुस्तक परत करताना अभिप्रायवहीत दोन ओळी लिहायच्या. लोक शिव्या देतात, पण लिहितात. वही काढली. गुरुजींनी दीड पान झोडलं होतं. शेठने लिहिलं होतं, 'फोटो साफ आहेत.' त्याखाली अंजनाचं अक्षर : 'त्या दुपारी लेखिकेला कोणी दार उघडलं नाही, याचं फार वाईट वाटलं. बाकी पुस्तक चांगले आहे.'

रात्र आणि पुढचा अर्धा दिवस घालवून मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. नाटकाचे मुक्काम, उपासमार, मुंबईची खोली, स्टुडिओतला पहिला दिवस, सगळं वाचलं. बाई चांगलं लिहिते. आणि सगळ्या पुस्तकात दार न उघडल्याची गोष्ट कुठेच नाही.

अंजना हातपंपावर भेटली. मॅट्रिक झालेली मुलगी, बोलायला मोजकी.

"बाई, सत्त्याऐंशी पान तू वाचलं व्हतं."

"नाही काका."

"मंग दार कोनी नाही उघडलं? तूच लिवलं वहीत."

तिने घागर अर्धी भरली होती, ती तशीच उचलली. "वहीत लिवलं तवा मले ठाऊक नव्हतं का पान कापलं म्हनून. बाबाले मीच वाचून दाखवलं व्हतं, काका. माय अनसिंगले मयतीले गेली व्हती त्या दिवशी. बाबा काहीच बोलले नाही. फकस्त म्हने, कितवं पान हाय? पाहू म्हने, कसं लिवलं. मी पुस्तक तसंच उघडं त्यायच्या हातात देल्लं."

"त्या पानात तुले वाचवनारं काही हाय का?"

तिने घागर पुन्हा खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"हाय. पन तुमी ते धुंडू नका. लगन मोडलं त मोडू द्या. मी तुमच्या पाया पडतो काका, धुंडू नका."

बत्तीस वर्षांत निर्दोष माणसाने स्वतःचा पुरावा लपवायला सांगितल्याचं मी पाहिलं नव्हतं.

४

बाजाराच्या आदल्या दिवशी ओट्यावर गेलो. हातात खाकी कागद होता.

"देवमन, पुस्तकाले कवर घालाचं हाय. जरा कापून दे."

त्याने कागद पसरला, पुस्तक त्यावर ठेवलं, खडूने कडेने रेघ मारली. मग दुमडायला अर्धा इंच सोडून दुसरी रेघ. आणि कात्री एका दमात सुर्र. कागद माझ्या हातात देताना त्याने माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्या हातात 'आरशातली दुसरी' होतं, शहाऐंशीव्या पानावर उघडलेलं. अर्ध्या इंचाची पट्टी, काठाला निळी रेघ.

त्याने कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "हात नाही आयकत जमादार. चोरी कराले बसला तरी धंदाच करते."

"कुठं हाय पान?"

त्याने अंगातल्या बंडीच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. अस्तर ताज्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"जाळून टाकलं असतं ना रे."

"तिचं लिवलेलं जाळू कसा? एवढंच त हाय तिचं मह्याजवळ."

"काय हाय त्यात?"

"ते वाचलं त पोरगी सुटते," तो म्हणाला, "अन् मी मरतो. दुसरं काही नाही." मशीनच्या चाकावर त्याचा हात नुसताच फिरत होता. "तवा पंचायत व्हती आपली. पंचायनं सांगितलं व्हतं, नाटकवालीले ज्यानं घरात घेतलं त्याच्या हातचं पानी कोनी पेनार नाही. विमल बाळंतीन. गावानं वाळीत टाकलं असतं त तिले पानी कोनी देल्लं असतं? मले भेव लागलं, जमादार."

त्या साली मी अकोल्याला बदलीवर होतो, म्हणून मला पंचांसमोर उभं राहावं लागलं नाही. एवढाच माझा मोठेपणा. पुढच्याच वर्षी आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली आणि ती जुनी पंचायत बुडाली. एक वर्ष. फक्त एका वर्षाचा फरक.

"विमलबाईले ठाऊक हाय?"

"नाही." त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "एकवीस वर्सं झाले. तिले काहीच ठाऊक नाही."

पान मागायचा मला धीर झाला नाही. जप्त करायला मी काही आता जमादार नव्हतो. उठताना एवढंच म्हणालो, "उद्या माणिकराव येतीन. पान तुह्या बंडीत हाय. तुह्या पोरीचं लगनबी तिथंच हाय. तूच पाय."

५

बाजाराच्या दिवशी दुपारी माणिकराव तीन माणसं घेऊन आले. देवमनच्या घरात सतरंजी टाकली होती. चुलीपाशी विमलबाई चहा करत होती. तिला एवढंच सांगितलं होतं, की पुस्तकावरून काही बोलणं आहे. अंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"पान?" माणिकरावांनी विचारलं.

मी देवमनकडे पाहिलं. तो भिंतीला लागून मान घालून बसला होता. चहा उतू गेला, विमलबाईने तो खाली घेतला.

माणिकरावांनी टोपी उचलली. "समजलं," ते म्हणाले. "पोरगी नाटकवालीचीच."

देवमन उभा राहिला. बंडीच्या अस्तराचा दोरा त्याने दाताने तोडला.

"बाबा, राहू द्या," अंजना म्हणाली. "बाबा, नका ना."

"वाचा जमादार," देवमन म्हणाला. "आयकू द्या साऱ्यायले."

कागद घामाने मऊ पडला होता. मी वाचू लागलो. आवाज माझा मलाच परका वाटत होता.

'उभी राहिले. भर दुपार होती. वस्ती कामाला गेलेली. दादाने मला पाहिलं आणि आतून कडी घातली. घरात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं, म्हणजे वहिनी बाळंत झाली होती. मी दाराला तोंड लावून म्हटलं, दादा, मला घरात घेऊ नकोस. माझं दूध आटलंय. हिला फक्त दोन दिवस वहिनीच्या अंगावर पाज, मग मी घेऊन जाते. दादा आतून म्हणाला, वहिनी घरात नाही, माहेरी गेली आहे. बाळ तर रडत होतं. मी दार वाजवत राहिले. मग त्याने वाजवणंही ऐकू येत नसल्यासारखं केलं. कंपनीचा मुक्काम अनसिंगला होता. बैलगाडीत मी तिला साखरेचं पाणी बोटाने चाटवत होते. अनसिंगच्या वेशीपाशी गाडीवाल्याने विचारलं, बाई, पोर झोपली का? मी हो म्हटलं. रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली तिला पुरलं. नाव ठेवायचं राहिलं होतं. दादावर मी रागावले नाही. त्यालाही घर होतं.'

पान तिथे संपत होतं. मी ते सतरंजीवर ठेवलं.

"म्हनजे अंजना देवमनचीच," मी माणिकरावांना म्हणालो. "आत रडत व्हती ते हेच पोट्टी. झालं का समाधान?"

"झालं," ते म्हणाले. कागदाकडे पाहत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवली. "पोरगी चांगली हाय जमादार. तिच्यात खोट नाही. पन बहिनीच्या सात दिवसाच्या लेकराले ज्यानं दार उघडलं नाही, त्या घरी आमी सोयरीक कशी करावी? उद्या आमच्याच पोराचं काही झालं त हा मानूस कडी लावून बसन."

"पाहुने, आमची पंचायत व्हती तवा—"

"आमचीबी व्हती," माणिकराव म्हणाले.

ते गेले. चहा कुणीच घेतला नाही. तीन महिने ज्या बाईला नटवी म्हणून गावाने शिव्या घातल्या, तिचं पान वाचल्यावर गाव आता देवमनला शिव्या घालणार होतं, आणि त्यात गावाचंही चूक नव्हतं. मला त्या क्षणी माझ्या भिंगाची, वहीची, सगळ्या हुशारीची किळस आली. अंजना बापाजवळ जाऊन बसली. तिने त्याच्या बंडीचं उसवलेलं अस्तर आत खोचलं.

विमलबाई चुलीपासून उठली नव्हती. तिच्या हातात कपबश्यांचं ताट तसंच होतं.

"तुमी त मले म्हनलं व्हतं, भिकारीन व्हती," ती देवमनला म्हणाली.

देवमनने मान वर केली नाही.

"मी खाटेवरून म्हनलं, अवो, कोन दार वाजवून राह्यलं? तुमी म्हनले, भिकारीन हाय, जाईन." तिने ताट खाली ठेवलं, हळू, एकही कप वाजू न देता. "मले लय दूध व्हतं तवा. अंजीले पाजूनबी उरे. दुखे मले. रोज दोन टाईम वाटीत पिळून मी ते भिंतीवर फेकत व्हती."